लाटा सापडल्या, किनारा कुठे आहे?



चुलीपाशी बसले की धग लागते, दोन हात मागे सरकले की कमी लागते, अंगणात गेले की लागतच नाही. हे कळायला विज्ञानाचे पुस्तक उघडावे लागत नाही. सूर्याच्या बाबतीत मात्र हा साधा हिशोब एका ठिकाणी चक्क उलटा होतो. नववीच्या वर्गात मी ते आकडे फळ्यावर लिहिते तेव्हा कोणीतरी हमखास हात वर करून म्हणते, "मॅडम, शून्ये जास्त पडली." शून्ये बरोबर असतात. ती तशी का आहेत, हे शोधण्यात शास्त्रज्ञांच्या तीन-चार पिढ्या गेल्या आहेत.

आधी आकडे पाहू. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान आहे. तेथून बाहेर येता येता ते उतरत जाते आणि आपल्याला जी तेजस्वी थाळी दिसते त्या पृष्ठभागावर, म्हणजे दीप्तिमंडलावर, साडेपाच हजार अंशांवर येते. इथपर्यंत चुलीचा नियम पाळला गेला. त्याच्या वर वर्णमंडल नावाचा पातळ थर आहे. तिथे तापमान थोडे उतरते आणि पुन्हा चढू लागते. मग काहीशे किलोमीटरच्या एका अरुंद पट्ट्यात ते एकदम उसळी मारते आणि वरच्या प्रभामंडलात दहा ते वीस लाख अंशांवर जाऊन पोहोचते. चुलीतल्या निखाऱ्यापेक्षा चुलीवरची हवा दोनशे पट गरम, असा हा प्रकार.

प्रभामंडलाला इंग्रजीत कोरोना म्हणतात. हा शब्द ऐकून मुले हसतात आणि मोठ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. पण नाव आधी सूर्याचे आहे. १९६८ साली शास्त्रज्ञांनी त्या विषाणूंच्या गटाला नाव दिले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याभोवती दिसणारी झालर पाहून त्यांना सूर्याचा कोरोना आठवला होता.

आता एक गल्लत टाळायला हवी. तापमान म्हणजे उष्णता नव्हे. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या आसपास तापलेली असते, तरी ती हातावर पडली तर जेमतेम चटका बसतो. पेलाभर चहा शंभर अंशांच्या आत असतो, पण तो सांडला तर फोड येतात. ठिणगीत द्रव्यच किती असते! प्रभामंडल तसेच आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा ते हजार कोटी पटींहून अधिक विरळ आहे. तिथला एकेक कण भयंकर वेगाने धावतो, म्हणून तापमान लाखांत, पण कणच मोजके, म्हणून एकूण उष्णता थोडी. अमेरिकेचे पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून, प्रभामंडलाच्या बाहेरच्या भागातून गेले. त्याच्या ढालीची सूर्याकडची बाजू हजार अंशांच्या आसपास तापली, आणि तीही मुख्यतः सूर्यप्रकाशाने. ढालीमागची उपकरणे शाबूत राहिली.

तरीही प्रश्न उरतोच. ते मोजके कण एवढे तापले कसे?

खरे तर ते इतके तापलेले आहेत हेच मुळात कोणाला ठाऊक नव्हते. खग्रास सूर्यग्रहणात चंद्र थाळी पूर्ण झाकतो, तेव्हा तिच्याभोवती मोत्यासारखा पांढुरका प्रकाश दिसतो. तेच प्रभामंडल. एरवी सूर्याच्या झगमगाटापुढे ते दिसत नाही, कारण त्याचा उजेड सूर्याच्या दहा लाखांश, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका असतो. ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून या प्रकाशाचे पृथक्करण केले. दोघांनाही त्यात एक हिरवी रेषा दिसली. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपापल्या ठरावीक रंगाच्या रेषा देते. ती त्याची सहीच म्हणायची. ही सही मात्र कोणाच्याच नोंदीत नव्हती. म्हणून नवे मूलद्रव्य कल्पिले गेले आणि त्याचे नावही पडले, कोरोनियम.

ग्रहण आले की मंडळी दुर्बिणी घेऊन देशोदेशी जात. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण आपल्या महाराष्ट्रातून दिसले. त्यासाठी सर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी विजयदुर्ग किल्ल्यात उतरली होती, तर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथून निरीक्षणे घेतली. विजयदुर्गावर आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. कोकणातल्या वाचकांनी ते पाहिले असतील. नसतील तर मुलांना घेऊन जाऊन पाहावेत.

कोरोनियम पृथ्वीवर कुठेच सापडेना. पुढे मूलद्रव्यांचा तक्ता भरत गेला, तशी त्याला बसायला जागाही उरली नाही. १९२० साली आपल्या मेघनाद साहा यांनी तारांकित वायूंचे एक सूत्र मांडले: किती तापमानाला कोणत्या अणूतून इलेक्ट्रॉन निसटतात, याचे. शेवटी १९३९ ते १९४३ या काळात जर्मनीचे वॉल्टर ग्रोट्रिआन आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी कोडे सोडवले. हिरवी रेषा देणारे मूलद्रव्य आपले रोजचे लोखंड निघाले! फक्त त्याच्या अणूतले २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन निघून गेलेले होते. तवा लालभडक झाला तरी असे होत नाही. लोखंडाची इतकी दशा व्हायला दहा लाखांहून अधिक अंश तापमान लागते. एक प्रश्न सुटला आणि त्याच्या जागी त्याहून अवघड प्रश्न येऊन बसला.

उष्णता आपणहून थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, हा निसर्गाचा नियम आहे. साडेपाच हजारांचा पृष्ठभाग वीस लाखांच्या प्रभामंडलाला उष्णता देऊ शकत नाही. मग ऊर्जा वर जाते ती उष्णतेच्या रूपात नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी रूपात. याचे उदाहरण घरातच आहे. कोयना धरणाचे पाणी थंडगार असते. त्याच पाण्यावर तयार झालेली वीज तारेतून आपल्या घरी येते आणि इस्त्री तापवते. थंड पाण्याने गरम इस्त्रीला उष्णता दिली का? नाही. ऊर्जा वाटेत वेगळे रूप घेऊन आली आणि मुक्कामी पोहोचल्यावर उष्णता झाली. सूर्यावर ही 'तार' कोणती आणि 'इस्त्री' कुठे, एवढेच शोधायचे होते.

ऊर्जा किती लागते, हेही पाहू. सूर्याच्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला जी ऊर्जा बाहेर पडते ती सुमारे ६ कोटी ३० लाख वॅटची. त्याच्या वरचे शांत प्रभामंडल तापलेले ठेवायला चौरस मीटरमागे ३०० वॅट पुरतात. म्हणजे दोन लाख रुपयांच्या मिळकतीत एक रुपया. सूर्यडागांच्या आसपासच्या खवळलेल्या भागांत खर्च तीसेक पट वाढतो, तरी मिळकतीच्या मानाने किरकोळच. तेव्हा अडचण पैशाची नाही. तो एक रुपया कोणाच्या हाती वर पाठवला, हे कळत नाही.

पहिला संशय आवाजावर गेला. दीप्तिमंडल स्थिर नाही. पुलावासाठी देगचीत पाणी खळाळते तसा तिथला वायू सतत खालून वर येतो, थंड होऊन खाली जातो. एकेक बुडबुडा हजारेक किलोमीटर रुंद आणि त्याचे आयुष्य दहा मिनिटांच्या आसपास. एवढ्या खळखळाटातून ध्वनिलहरी उठणारच. त्या वर जाऊन विरळ वायूत फुटतात आणि त्याला तापवतात, असे १९४० च्या दशकात मांडले गेले. कल्पना सुरेख होती. पण १९७५ साली सोडलेल्या ओएसओ-८ उपग्रहाने वर जाणाऱ्या ध्वनिलहरींचा माग काढला, तेव्हा त्यांची ऊर्जा फारच तोकडी निघाली. बहुतेक लहरी वर्णमंडलातच दम तोडतात.

दुसरा संशय ज्याच्यावर गेला, तो अजून चौकशीत आहे. चुंबकावर कागद ठेवून लोहकीस टाकला की वळणदार रेषा उमटतात, हा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. त्या बलरेषांचा प्रदेश म्हणजे चुंबकीय क्षेत्र. उर्दूत त्याला 'मक्नातीसी मैदान' म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो, कारण मैदानात काहीतरी घडत असते. सूर्यावर तर घडतेच. तिथला वायू इतका तापलेला आहे की अणू फुटून विद्युतभारित कणांचा प्लाझ्मा झालेला आहे. असा प्लाझ्मा बलरेषांना जणू चिकटून असतो. रेषा हलली की प्लाझ्मा हलतो आणि प्लाझ्मा हलला की रेषा.

१९४२ साली स्वीडनच्या हॅनेस आल्फवेन यांनी कागदावर दाखवले की अशा बलरेषा ताणलेल्या दोरीसारख्या वागतील आणि त्यांच्यावरून लाटा धावतील. कपडे वाळत घालायच्या दोरीला एका टोकाला झटका द्या. झटका दुसऱ्या टोकापर्यंत पळत जातो, दोरी मात्र जागेवरच राहते. दोरी जितकी ताठ आणि जितकी हलकी, तितकी लाट वेगवान. सूर्यावर ताठपणा चुंबकीय क्षेत्राचा आणि वजन प्लाझ्माचे. १९४७ मध्ये आल्फवेन यांनीच सुचवले की देगचीतला खळखळाट बलरेषांची मुळे हलवतो, लाटा वर जातात आणि प्रभामंडल तापवतात. सुरुवातीला त्यांच्या लाटांवर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या लाटांची एक गंमत आहे. बैलगाडीवाल्याचा आसूड मुठीपाशी जाड आणि टोकाला बारीक असतो. मुठीपाशी दिलेला लहानसा हिसका टोकाला जाईपर्यंत एवढा मोठा होतो की कडाड आवाज येतो. सूर्यावरही वर जावे तसा प्लाझ्मा झपाट्याने विरळ होतो, म्हणजे दोरी हलकी होते आणि लाटेचा झोका वाढत जातो. प्रभामंडलात या लाटा सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतात.

पण त्या खरोखर आहेत का? ही नुसती कागदावरची गोष्ट नव्हे ना? पासष्ट वर्षे थांबावे लागले. २००७ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या एका वेधशाळेतून आणि जपानच्या हिनोदे उपग्रहावरून, दोन्हीकडून, बलरेषा डोलताना दिसल्या. पुढे २०११ मध्ये आणखी स्पष्ट चित्रे मिळाली आणि हिशोब झाला: शांत भागांत लाटांची ऊर्जा चौरस मीटरमागे शंभर ते दोनशे वॅटच्या घरात. गरज तीनशेच्या आसपासची, म्हणजे हिशोब जवळपास जुळत होता. सूर्यडागांवरच्या तप्त भागांत मात्र लाटा पुऱ्या पडत नव्हत्या. दोरीला पीळ बसून जाणारी लाट, आल्फवेन यांच्या मूळ कल्पनेतली, तर याहून लपलेली. तिचा थेट पुरावा हवाई बेटांवरच्या चार मीटर आरशाच्या इनोये दुर्बिणीतून मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

मग संपले का कोडे? इथेच खरी मेख आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्र पाहा. लाट खोल पाण्यातून शेकडो मैल बिनबोभाट येते; ऊर्जा घेऊन येते, पण वाटेत ती सोडत नाही. किनाऱ्याला उथळ पाणी लागते तेव्हा ती फुटते, फेस होतो, आवाज होतो, वाळू हलते. ऊर्जा उतरते ती तिथे. आल्फवेनच्या लाटा याच स्वभावाच्या आहेत. प्लाझ्मातून त्या सहज निघून जातात, त्याला फारसे तापवत नाहीत. मग प्रभामंडलात त्यांचा किनारा कुठे आहे?

याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. एक असे की शेजारच्या दोन बलरेषांवरचा प्लाझ्मा सारखा दाट नसतो, म्हणून लाटांचा वेगही सारखा नसतो. कवायतीत दोन रांगांची पावले जुळली नाहीत की मुले एकमेकांना घासतात, धक्के बसतात. तसे या लाटांचे होते आणि त्या घासाघाशीत ऊर्जा उष्णता बनते. दुसरे उत्तर असे की वर जाणाऱ्या काही लाटा घनता बदलल्यामुळे परत फिरतात. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या लाटांची गाठ पडते, भोवरे होतात, मोठ्या भोवऱ्यातून लहान आणि लहानातून आणखी लहान. चहात चमचा ढवळून पाहा, मोठा भोवरा मोडत मोडत अखेर निवतो. त्याची ऊर्जा नाहीशी होत नाही, चहाच्या उष्णतेत जमा होते, आपल्याला कळत नाही इतकेच.

लाटांना प्रतिस्पर्धीही आहे. युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये म्हटले की बलरेषांची मुळे हळूहळू फिरत राहतात, त्यामुळे त्यांच्या वेण्या पडतात. वेणी फार घट्ट झाली की रेषा तुटून नव्याने जुळतात आणि दरवेळी छोटासा स्फोट होतो. असे असंख्य बारीक स्फोट मिळून प्रभामंडल तापते. बहुतेकांचे मत आज असे दिसते की दोन्ही घडते; भांडण वाटणीचे आहे, कुठे कोणाचा वाटा किती. माझे स्वतःचे झुकते माप विचाराल तर शांत भागात लाटांना आणि सूर्यडागांजवळ वेण्यांना. पण मी शाळेत शिकवणारी, न्यायाधीश नव्हे.

हेच पार्कर १९५८ मध्ये म्हणाले होते की तप्त प्रभामंडल सूर्याला धरवत नाही, ते वाऱ्यासारखे बाहेर वाहत राहते. दोन परीक्षकांनी तो लेख छापू नये असे कळवले. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडली नाही म्हणून त्यांनी लेख छापला. आजचे पार्कर यान त्यांच्याच नावाचे. त्याने २०२१ मध्ये प्रथम प्रभामंडलात प्रवेश केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एक छान योग आला. पार्कर यान सूर्याजवळ आणि युरोपचे सोलर ऑर्बिटर त्याच दिशेला बरेच दूर होते, आणि सौरवाऱ्याचा एकच झोत आधी एकावरून, मग दुसऱ्यावरून गेला. जवळ मोजली तेव्हा लाटांची ऊर्जा भरपूर होती. दूर मोजली तेव्हा ती बरीच कमी झाली होती. वारा मात्र अधिक वेगाने वाहत होता आणि जितका निवायला हवा तितका निवला नव्हता. लाटांच्या खात्यातून गेले ते वाऱ्याच्या खात्यात जमा झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हिशोबातून दिसले. किनाऱ्याचा एक तुकडा सापडला म्हणायचा.

भारतही या चौकशीत आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहत असते. त्यावरचे एक उपकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केले. ते यंग आणि हार्कनेस यांना दिसलेली लोखंडाची तीच हिरवी रेषा टिपते, आणि तेही ग्रहणाची वाट न पाहता. पुण्याच्या आयुकाने केलेली दुर्बीण अतिनील प्रकाशात खालची दोन मंडले पाहते, जिथून लाटा निघतात. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी. तमिळनाडूतल्या सेंगोट्टई गावच्या, तिरुनेलवेलीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या. घरात मुलगी दहावी-बारावीला असेल तर हे नाव तिला सांगा.

आणि हे सर्व केवळ सूर्यापुरते नाही. १९७८ साली सोडलेल्या आइनस्टाइन उपग्रहाने क्ष-किरणांत आकाश पाहिले, तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्यांना असेच तप्त प्रभामंडल असणे ही सर्वसाधारण गोष्ट असल्याचे दिसले. तरुण तारे गरगर फिरतात, त्यांचे चुंबकत्व जोरदार असते आणि त्यांचे प्रभामंडल एक कोटी अंशांच्या घरात तापते. त्यांचे क्ष-किरण आजच्या सूर्याच्या शंभर ते हजार पट असतात. आपला सूर्यही लहानपणी असाच होता. मग बाहेर वाहणाऱ्या वाऱ्याने त्याच्या फिरण्याला हळूहळू लगाम घातला. आज विषुववृत्तापाशी त्याला एका फेरीला पंचवीस दिवस लागतात, चुंबकत्व सौम्य झाले, किरणे ओसरली. मंगळाचे बरेचसे वातावरण त्या उग्र काळातल्या किरणांनी आणि वाऱ्याने उडवून नेले. पृथ्वीची हवा टिकली. दूरच्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडल्याची बातमी येते, तेव्हा तिथे हवा उरली असेल का हा प्रश्न पुन्हा त्या ताऱ्याच्या लाटांपाशीच येतो.

प्रभामंडल डोळ्यांनी पाहायचे असेल तर २ ऑगस्ट २०२७, सोमवार, ही तारीख लिहून ठेवा. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाची सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून आणि इजिप्तमधल्या लक्सरवरून जिद्दा आणि मक्केवर येणार आहे. तिथे पाच-सहा मिनिटे भरदुपारी अंधारेल आणि ती पांढुरकी झालर दिसेल. आपल्यापैकी अनेकांचे कोणी ना कोणी तिकडे कामाला आहे. त्यांना आत्ताच कळवा. थाळी पूर्ण झाकलेली असेल तेवढीच मिनिटे ती उघड्या डोळ्यांनी पाहता येते. आधी आणि नंतर ग्रहणाचा खास चष्मा हवाच. महाराष्ट्रात ते ग्रहण दुपारनंतर खंडग्रास दिसेल. आपल्याकडे थाळी पूर्ण झाकली जाणार नाही, म्हणून इथे प्रभामंडल दिसणार नाही आणि एक क्षणही चष्मा काढायचा नाही. काजळी धरलेली काच, जुनी क्ष-किरण फिल्म, पाण्याची परात यांतले काहीही चालणार नाही.